गेटवरचे सत्कारमूर्ती

सैनिकांचा सन्मान करायचा म्हणजे आधी रस्ते बंद करायचे, एवढं आमच्या शहराला पक्कं ठाऊक आहे. माजी सैनिकांच्या सत्काराच्या दिवशी तरुणांची मोटारसायकल रॅली निघाली आणि गारखेड्याहून निघालेली मी क्रांती चौकात तासभर अडकून पडले. रिक्षात माझ्या मांडीवर वडिलांचा कोट होता, इस्त्री केलेला, पदकं लावलेला. सत्कार त्यांचाच होता, आणि त्यांच्याच सन्मानार्थ निघालेल्या रॅलीनं त्यांचा कोट अडवून धरला होता.

वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता वाळूजच्या एका कारखान्यात सिक्युरिटी गार्ड आहेत. सुटी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, सत्कार संध्याकाळीच आहे ना? म्हणून पहिली पाळी संपवून ते गार्डच्या निळ्या गणवेशातच मैदानावर येणार आणि मी तिथं त्यांना कोट देणार, असं ठरलं होतं.

आई मात्र दुपारीच जाऊन पहिल्या रांगेत बसली होती. वडिलांना पदक मिळालं तेव्हा मी पोटात होते. नववा महिना, तिला जाता आलं नाही, नंतर नुसता फोटो पाहायला मिळाला. "एकदा तरी यांना स्टेजवर बघायचंय," हे तिनं महिनाभर इतक्यांदा सांगितलं की शेजारणी कंटाळल्या. त्या दिवशी तिनं ठेवणीतली पांढरीशुभ्र साडी काढली होती. आम्हा बौद्धांच्या घरी लग्न असो की वंदना, मंगल दिवशी पांढरंच नेसतात.

छावणीजवळच्या मैदानापाशी उतरले तर कमानीवर एका पुढाऱ्याचा दाराएवढा चेहरा आणि त्याच्या कानाजवळ तळहाताएवढा रणगाडा. कमानीखाली, तोंडात शिट्टी धरून गाड्या लावून घेणारे माझे वडील.

"पप्पा! हे काय?"

"तो बिल्ला लावलेला कार्यकर्ता म्हणला, वॉचमन, इथं पार्किंग सांभाळा."

"आणि तुम्ही उभे राहिलात?"

"त्यांच्याकडं माणूसच नव्हतं. गाड्या कशाबी घुसायल्या होत्या."

"कोट घाला आणि चला. नाव पुकारतील आता."

"रिलीव्हर आल्याबिगर पोस्ट सोडायची नसती," ते म्हणाले आणि एका पांढऱ्या गाडीला मागे घ्यायला लावलं.

मला असा संताप आला! त्यांचा, त्या बिल्लेवाल्याचा, साऱ्या शहराचा. बिल्लेवाल्याला शोधायला वळले, तोच लाऊडस्पीकरवर वडिलांचं नाव आलं. तासभर प्रमुख पाहुण्यांनी आयोजकांचा आणि आयोजकांनी प्रमुख पाहुण्यांचा सत्कार केल्यावर सैनिकांची पाळी आली होती. नाव तीनदा पुकारलं. मी ओरडले, पण ढोलताशापुढं माझा आवाज कुठवर जाणार?

"त्यांच्या घरचं कुणी आलंय का?" निवेदकानं विचारलं. आई उठली असणार. तिची पांढरी साडी पाहून निवेदकाचा आवाज एकदम खाली आला.

"या आपल्या वीरपत्नी. हवालदारसाहेब आज आपल्यात नाहीत. सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहावी."

ढोल थांबले. सगळं मैदान उभं राहिलं. वडिलांनी शिट्टी खिशात घातली, टाचा जुळवल्या आणि सावधान झाले.

"पप्पा, अहो, ही श्रद्धांजली तुम्हालाच आहे!"

"असू दे," ओठ न हलवता ते म्हणाले. "मधे बोलू नको."

अर्धं मिनिटही झालं नसेल. लाऊडस्पीकरवर आईचा खणखणीत आवाज आला; स्टेजवर जाऊन तिनं माईकच हातात घेतला असणार. "अहो, कुणाला वाहायलात? मंगल दिवस म्हणून पांढरी नेसले मी. आमचे हे जिते हायेत. तिकडं गेटवर तुमच्याच गाड्या लावायलेत."

निवेदकानं कागद चाळले. मग म्हणाला, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या. लगेच पुढचं नाव पुकारलं.

आई स्टेजवर मिळालेली सत्काराची शाल घेऊन गर्दीतून चालत गेटवर आली. डोळे लाल झाले होते. तिनं वडिलांकडं नीट पाहिलं, धुळीनं भरलेले बूट, निळा गणवेश, गळ्यातली शिट्टीची दोरी. मी कोट पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली आणि शाल उलगडून त्यांच्या खांद्यावर घातली. वडील पुन्हा सावधान. हनुवटी वर, नजर समोर, आणि गालावरून पाणी.

मागून हॉर्न वाजला. "ओ वॉचमन, गाडी काढू द्या की!"

वडिलांचा हात सवयीनं शिट्टीकडं गेला. आईनं तो धरला आणि गाडीवाल्याकडं वळली.

"थांबा जरा. सत्कार चालू हाय."

गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं.