खाली पोटी

सरदेसाई मॅडमना कोणी प्रश्न विचारला की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि मग विचारत, "पहले कहाँ ढूँढा?" चष्मा उतरला की आपलं काही खरं नाही, असं मुलं म्हणत. दिल्लीत द्वारकेच्या एका फार्मसी कॉलेजात मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. मॅडम मागच्या वर्षी निवृत्त होऊन गुरुग्रामला लेकीकडे गेल्या. त्याआधी बारा वर्षं मी हे रोज ऐकलं. कुठेच न शोधता आलेल्याला त्या ग्रंथालयाकडे पिटाळत. दोन पुस्तकं चाळून आलेल्याला डब्यातल्या थालीपीठाचा तुकडा मिळे. उत्तर दोघांनाही मिळत नसे. एकदा एक मुलगा वैतागून म्हणाला की यापेक्षा मोबाइल बरा, तो लगेच सांगतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तो डिग्री भी उसी से ले ले, यार."

माझ्याशी त्या मराठीत बोलत. एक दिवस त्यांनी सांगितलं, की उद्यापासून तुम्ही पेशंट. गोळी कशी घ्यायची ते मुलं तुम्हाला समजावतील. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला काय कळणार?

"म्हणूनच तर, सुमनताई. मला समजावणं सोपं आहे हो, मला आधीच माहीत असतं."

कोणी "कळलं का?" विचारलं की मी न कळताही मान हलवायची. हे मॅडमनी दोन दिवसांत ओळखलं. मग त्यांनी मुलांना नियमच घातला, "कळलं का, असं विचारायचं नाही. काय कळलं, ते विचारायचं."

नेहा पाठांतरात पहिली. मराठी घरातली, पण जन्म आणि शाळा सगळं दिल्लीतलं. तिला ट्रेनिंगसाठी छावणीजवळच्या दवाखान्यात जायचं होतं. तिथे मराठी फौजींच्या, गावाकडून नुकत्याच आलेल्या बायका येतात, म्हणून मॅडमनी तिला मराठीत समजावायला सांगितलं. पेशंटला कळेपर्यंत मॅडमची सही नाही, आणि सहीशिवाय ट्रेनिंग नाही. बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या.

नेहा माझ्यासमोर बसून म्हणाली, "मावशी, ही थायरॉइडची गोळी रोज सकाळी खाली पोटी घ्यायची. काय कळलं?"

मी हळूच म्हटलं, "खाली बसून घ्यायची."

वर्ग हसला. मॅडम तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला काय माहीत नव्हतं? पण पोर मराठीत बोलत होती, म्हणून मी मराठीतच ऐकलं. नेहाचा चेहरा पडला. मग बरोबर शब्द तुम्हीच सांगा ना, असं ती मॅडमना म्हणाली. चष्मा टेबलावर आला.

"कोणाला माहीत असेल?"

मधल्या सुट्टीत ती माझ्या बेसिनपाशी आली. आम्ही उपाशी पोटी म्हणतो, असं मी सांगितलं. तिने ते लिहून घेतलं, पण गेली नाही. मी किती वाजता उठते, पाणी कधी भरते, पहिला चहा कधी, सगळं विचारत बसली. माझी भांडी धुऊन झाली तरी तिचं संपेना.

चार दिवसांनी ती पुन्हा समोर बसली. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी घ्या, मग पाणी भरा, आंघोळ करा, चहा त्यानंतर, असं तिने सांगितलं. मी सगळं तसंच्या तसं म्हणून दाखवलं. मॅडमनी पेन उचललं. तेवढ्यात माझ्याच तोंडून निघून गेलं, "आणि चुकून आधी चहा झाला तर? त्या दिवशी गोळी घ्यायची की सोडायची?"

बोलले आणि वाटलं, घात केला पोरीचा. नेहाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. तिने वही उलटसुलट केली, मग मिटून ठेवली.

"मावशी, हे मला नक्की माहीत नाही. शोधून उद्या सांगते."

मॅडमनी सही केली.

"पण मॅडम, उत्तर तर मी अजून दिलं नाही."

"ते तुझं काम. माझं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहा हातात कागद घेऊन आली. मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं, तरी तिथे न थांबता सरळ माझ्याकडे आली आणि समजावू लागली. मागोमाग मॅडम येऊन प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. आत मात्र आल्या नाहीत.