सुपाचा आवाज

बिरसी गावची दुलारी तोंडाने फटकळ, पण पोटात माया. अडचण एवढीच, की माया पोटातच राहते आणि फटकळपणा पोरीच्या वाट्याला येतो. पोरगी आचल सहावीत आहे. ऐकलेलं सगळं तिच्या ध्यानात राहतं, पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्याशी वैर धरतात. गोंदियाच्या डॉक्टरांनी समजावलं, की हा वाचनाचा दोष आहे, मुलगी मठ्ठ नाही, तिच्यावर रागावू नका. दुलारीने मान डोलावली, आणि घरी येऊन आठवडा व्हायच्या आत रागावली.

ती समोर बसून वाचून घ्यायची. पोर अडली, की पुढे हिचं कसं होणार, ही काळजी तिला आतून खायची. बाहेर मात्र रागच पडायचा. एकदा गावाजवळच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ वैमानिकांचं विमान घरावरून घरघरत गेलं, तेव्हा ती बोलून गेली, की लोकांची लेकरं विमान चालवायला शिकतात आणि तुला एक ओळ जमत नाही. त्या दिवसापासून आचलने आईसमोर वाचणं सोडलं. हळूहळू बोलणंही सोडलं. दुलारीने खरा धसका घेतला तो याचा.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायका बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या शेतात, ओळीने ओणव्या असतात, नजर चिखलात. कोणी कोणाचं तोंड पाहत नाही, म्हणून आमच्याकडची अवघड बोलणी तिथेच होतात. सुटीच्या दिवशी आचल आईशेजारी धान रोवत होती. खाली पाहतच दुलारीने विचारलं, "माझ्यासमोर काऊन नाही वाचत?"

हातातलं रोप चिखलात खोचत पोर म्हणाली, "तू समोर बसली का मले अक्षरं नाही दिसत, माय. तुझं तोंडच दिसते."

दुलारीच्या हातातलं रोप हातातच राहिलं. त्या दिवशी आपली आपल्यालाच लाज वाटली, असं तिने मला नंतर सांगितलं.

आता संध्याकाळी ती पोरीकडे पाठ करून तांदूळ पाखडत बसते. मागे आचल वाचते, अडते, पुन्हा वाचते. दुलारी काही बोलत नाही, तिचं सूप तेवढं चालू असतं. परवा आचलने एक गोष्ट शेवटपर्यंत वाचली. सूप थांबलं.

"माय, रडून राहिली का?"

"नाही."

"मंग सूप काऊन थांबलं?"

दुलारीने सूप खाली ठेवलं. मग ती वळली आणि तिने पोरीला आपलं तोंड पाहू दिलं.