त्यांच्यासाठी ऐकताना

माझं बालपण अकोल्याकडच्या उन्हात गेलं. शेतात जायचं ते निंदायला नाहीतर कापूस वेचायला. उगाच झाडाखाली बसायला कुणालाच सवड नव्हती. म्हणून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा एसीतली खुर्ची मला मनापासून आवडली. हे खडकीला कारखान्यात होते. दर रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन नदीवर पक्षी बघायला जायचे. मी झोपायचे.

निवृत्तीनंतर यांना ऐकू येणं फार कमी झालं. एकदा नदीकाठच्या रस्त्यावर मागून आलेली मोटारसायकल कळलीच नाही, थोडक्यात वाचले. तेव्हापासून मी सोबत जाऊ लागले. सोबत म्हणजे काय, हे झाडं न्याहाळत उभे राहायचे आणि मी दगडावर बसून मोबाईलवर ऑफिसचे मेल वाचायचे.

एका रविवारी यांनी विचारलं, “आत्ता काही ओरडतंय का गं?”

“पक्षी ओरडतायत ना,” मी यांच्या कानाशी जाऊन म्हटलं.

“पण कसे?”

मी मोबाईल पिशवीत टाकला, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हटलं, “लांब कुणीतरी भांडं ठोकत बसलंय असं वाटतंय. टुक, टुक, टुक. थांबतच नाही.”

“कुठून येतोय आवाज?”

मी उंबराकडे बोट दाखवलं. यांनी शेंड्यावर दुर्बीण रोखली. “तांबट आहे,” म्हणाले आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे.

“आवाज विसरतच चाललो होतो,” हे म्हणाले. “पुन्हा करून दाखव.”

मी मोठ्यानं टुकटुक केलं. फिरायला आलेले एक आजोबा थांबले, “चालू द्या,” म्हणाले आणि पुढे गेले.

मग मला रविवारची ओढ लागली. आमच्या शेतातही हे आवाज असतीलच. पण तिथे मान वर केली की ओळ मागे राहायची. त्याची आता हळहळ वाटते. पण ऐकायला पन्नाशी उलटावी लागली, याचं फारसं वाईट वाटत नाही.

मागे एका रविवारी यांना ताप होता म्हणून मी एकटीच गेले. एक नवीनच शीळ ऐकली, घरी येऊन यांच्या कानाशी वाजवून दाखवली. यांनाही ओळखता आली नाही. पुढच्या रविवारी दोघं गेलो, तर ती कुठेच नव्हती. ऊन चढेपर्यंत तिथेच बसून राहिलो.