मीनाक्षीची एक ओव्हर

मैत्रिणी म्हणतात, "कुंदा, तुझ्या त्या कागदी क्रिकेटचे किस्से सांग ना!" मी सांगते. त्या पोट धरून हसतात. मग एखादी विचारते, "पण तू एवढी चिडतेस कशाला?" आता काय बोलायचं! आठ वर्षं, दर रविवारी दुपारी, साठीच्या पुढच्या माणसांमध्ये मांडी घालून बसून बघा. किस्से आपोआप साठतात. राग त्याहून जास्त साठतो.

आधी खेळ सांगते. धरमपेठेत काकासाहेब राहतात, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या पुढच्या खोलीत ही लीग चालायची. मैदान म्हणजे कॅरम बोर्ड. बॅटिंगवाल्याने लाल फासा टाकायचा, जेवढे ठिपके तेवढ्या धावा. त्याच वेळी बोलिंगवाल्याने पांढरा टाकायचा, त्यावर एक पडला की आउट, मग धावा नाहीत. एकदा फासे पडले की एक ओव्हर झाली. खेळाडू सगळे मनाने रचलेले, पण रजिस्टरमध्ये प्रत्येकाचं नाव, उंची, जन्मतारीख, स्वभाव, सगळं लिहिलेलं!

धरमपेठ संघ काकासाहेबांचा. प्रताप नगर माझ्या बाबांचा. आणखी दोन संघ होते, पण ते फक्त हरायला यायचे. अंपायर देवरावजी, शहराबाहेर वाडीला एका गोडाऊनवर मॅनेजर होते. आणि स्कोअरर मी. चौदाव्या वर्षी मला बसवलं, कारण "कुंदाचं अक्षर चांगलं आहे." बी.एस्सी. झाले तरी माझं फक्त अक्षरच चांगलं होतं!

* * *

चहाच्या सुट्टीत एक डबा फिरायचा. त्यात आजारांच्या चिठ्ठ्या. बहुतेक कोऱ्या, पण एखादीवर "ताप", "पाय मुरगळला" असं लिहिलेलं. ज्याच्या नशिबी ती येईल त्याचा मुख्य बोलर सामन्याबाहेर, आणि त्याच्या उरलेल्या ओव्हर बाराव्या खेळाडूने टाकायच्या. हा नियम काकासाहेबांचाच.

एकदा त्यांच्या विनायक नावाच्या फास्ट बोलरचा पाय मोडला. म्हणजे तशी चिठ्ठी निघाली. काकासाहेबांचा चेहरा उतरला. समोरची श्रीखंडाची वाटी त्यांनी बाजूला सारली. "पोराला किती वेदना होत असतील!" म्हणाले.

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. चेहरा लालबुंद, हात थरथरत होते. मी तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"काकासाहेब, वहिनींना खूप ताप आहे!"

काकासाहेबांनी चहाचा घोट घेतला. "तरीच," ते म्हणाले, "आज साखर कमी पडली आहे."

* * *

फासे मी कधी टाकायचे नाहीत, हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. म्हणून मी एकदा सरळ विचारलं. बाबांना बाथरूमला जायचं होतं, खेळ थांबला होता. म्हटलं, "बाबांच्या वतीने मी टाकते."

काकासाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळ, फासे आणि बाई एकत्र आले की काय होतं, ते महाभारतात लिहून ठेवलंय."

"त्यात फासे बाईने टाकले नव्हते, काकासाहेब," मी म्हणाले. "बाईला पणाला लावलं होतं!"

देवरावजींनी पानाचा तोबरा कसाबसा आवरला. बाबा परत आले, तर मलाच म्हणाले, "मोठ्यांना उलटून बोलू नये."

पाच मिनिटं खेळ बंद ठेवला, पण मला फासा दिला नाही.

* * *

एका सामन्यात बाबांनी लाल फासा असा काही फेकला की तो बोर्डवरून उडून दिवाणाखाली गेला. नियम होता, फासा जिथे पडेल तिथे मोजायचा. पण वाकणार कोण? सगळ्यांचे गुडघे गेलेले. अर्थात मीच गेले. खालून ओरडले, "सहा!"

काकासाहेब म्हणाले, "मुलीची साक्ष चालणार नाही. ती प्रताप नगरची आहे."

मग अंपायरला पाठवलं. देवरावजींचं पोट मोठं, दिवाण बुटका. अर्धे गेले आणि अडकले. बाहेर नुसते दोन पाय!

"ओढा ना गा मले कोणी!" आतून आवाज आला. "अन् सहाच हाये! पोरगी खरं बोलून राहिली!"

आम्ही तिघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. कपाळाला जाळं, सदऱ्याला धूळ. काकासाहेबांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि निर्णय दिला, "तुम्ही आत शिरताना फासा हलला असेल. परत टाका."

परत टाकला. एक धाव!

* * *

दर मोसमाच्या सुरुवातीला नवे खेळाडू घ्यायचे. त्या वर्षी मी बाबांच्या मागे लागून एक अर्ज दिला. मीनाक्षी, वय एकवीस, उंची पाच फूट तीन इंच, ऑफस्पिनर, स्वभाव तापट.

काकासाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "ही मुलगी आहे."

"हो."

"बाहेरगावी सामने असतात. मुक्काम असतो. ही राहील कुठे?"

"काकासाहेब, बाहेरगाव म्हणजे तुमच्या या सतरंजीचं दुसरं टोक!"

"कपडे कुठे बदलेल?"

मी बाबांकडे पाहिलं. संघ त्यांचा होता. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

देवरावजी वैतागले. "पोरगी कागदाची हाये ना गा? मंग कागदाले भिऊन काहून राहिले तुम्ही सारे?"

अर्धा तास वाद झाला. शेवटी काकासाहेबांनी मोठ्या मनाने वाट काढली. "ठीक आहे. बारावी म्हणून घ्या. पाणी आणून देईल."

कागदावरसुद्धा पाणीच!

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "निदान त्या पोरीला ग्लास तरी विसळावे लागणार नाहीत."

* * *

अख्खा मोसम मीनाक्षी बसून होती. दर रविवारी मी तिचं नाव यादीत बाराव्या नंबरवर लिहायचे. प्रताप नगरला चिठ्ठी निघावी म्हणून मी देव पाण्यात ठेवायचे बाकी होते. निघाली नाही.

फायनलच्या आधीच्या रविवारी माझा पेपर होता म्हणून मी गेले नाही. पुढच्या वेळी रजिस्टर उघडलं तर मीनाक्षीचं नाव लाल शाईने खोडलेलं. शेजारी काकासाहेबांचं वळणदार अक्षर: "धरमपेठचे कर्णधार श्रीधर यांच्याशी विवाह. सबब पतीच्या संघात दाखल. बारावी." खाली बाबांची सही!

माझ्या अंगाची आग झाली. "बाबा, तुम्ही तिचं लग्न लावून दिलंत?"

"अगं, कागदावरच तर आहे."

"तिला विचारलं होतं?"

बाबा काकासाहेबांकडे बघून हसले. "आता हिला कसं समजवायचं!"

काकासाहेब म्हणाले, "स्थळ चांगलं आहे, बाळ. श्रीधर निर्व्यसनी आहे. मीच रचलाय त्याला."

* * *

आणि मग ती फायनल. धरमपेठ विरुद्ध प्रताप नगर.

धरमपेठने एकशे ऐंशी केल्या. प्रताप नगरचा डाव निम्म्यावर आल्यावर चहाच्या सुट्टीत डबा फिरला. प्रताप नगरची चिठ्ठी कोरी. धरमपेठची निघाली: "ऊन लागले." विनायक बाहेर! त्याची एकच ओव्हर उरली होती, तीही शेवटची. काकासाहेबांनी ती चिठ्ठी गुपचूप उशीखाली सारली. तिथवर खेळ येणारच नाही, असं त्यांना वाटलं असावं.

आला. एक ओव्हर, एक विकेट शिल्लक आणि बाबांना जिंकायला चार धावा.

"बोलर कोण?" देवरावजींनी विचारलं.

मी रजिस्टर फिरवून समोर धरलं. "विनायक आजारी आहे. बाराव्याने टाकायची. नियम तिसरा."

काकासाहेबांनी नियम वाचला. यादी वाचली. मग पांढरा फासा बोर्डवर ठेवला आणि उठून उभे राहिले. "धरमपेठ हा सामना सोडून देत आहे."

म्हणजे फायनल हरतील, कप देतील, पण तिला एक ओव्हर टाकू देणार नाहीत!

"म्हणजे आपण जिंकलो!" बाबांनी टाळी वाजवली.

मी वाकले आणि तो पांढरा फासा उचलला.

"कुंदा, ठेव तो!" बाबा ओरडले. "जिंकलोय आपण!"

"मीनाक्षीची ओव्हर बाकी आहे."

"अगं, ती आपल्या विरुद्ध आहे!"

"तिला तिकडे तुम्हीच दिलंत ना? टाका लाल."

काकासाहेब अंपायरकडे वळले. "मी सामना सोडला आहे, देवराव."

"अंपायरनं म्हटलं म्हंजे सुटते," देवरावजी म्हणाले. "म्या कुठं म्हटलं? टाका गा दोघंही!"

बाबांनी लाल उचलला. दोन्ही फासे एकदम पडले. लाल घरंगळत जाऊन थांबला: सहा. पांढरा कोपऱ्यावर जरा वेळ गिरक्या घेत राहिला आणि बसला.

एक!

काकासाहेब खाली बसले, धोतर सारखं केलं आणि दोन मिनिटांपूर्वी सोडलेल्या सामन्याचा कप जवळ ओढून म्हणाले, "धरमपेठ विजयी!" बाबांशी हातसुद्धा मिळवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही बाळ. विकेट कर्णधार श्रीधर."

"ओव्हर श्रीधरने टाकली नाही. मीनाक्षीने टाकली."

"नवरा-बायकोत काय वेगळं असतं? लिही."

मी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं. सावकाश, चांगल्या अक्षरात, दोनदा गिरवून. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

काकासाहेबांनी चष्मा लावला. वाचलं. कान लाल झाले. रजिस्टर मिटायला लागले, तर देवरावजींनी मध्ये हात घातला.

"वाचा ना काकासाहेब, मोठ्यानं वाचा! विकेट कोणाची हाये ते आमालेबी आयकू द्या!"