गुडघाभर पाणी

विनोद गुडघाभर पाण्यात उतरला आणि दुसऱ्याच पावलाला गायब झाला.

आम्ही वैनगंगेवर रेकीला गेलो होतो. रेकी म्हणजे पाहुणे येण्याआधी आपण तीच वाट करून पाहणं. नागपूरच्या एका कंपनीला फ्लोट ट्रिप हवी होती. म्हणजे हवा भरलेली राफ्ट प्रवाहावर सोडायची, वल्ह्याने नुसती दिशा द्यायची आणि संध्याकाळी रेतीवर तंबू ठोकायचे. ट्रिप आखायची मी, राफ्ट सांभाळायची विनोदने.

जागा मीच पसंत केली होती. दाट झाडी, स्वच्छ रेती आणि गाडी थेट पाण्यापर्यंत नेणारी उतरण. सामान वाहायला नको, म्हणून मी खूश. काठ आला तसं विनोदने लाइफ जॅकेट काढलं आणि दोरी धरून राफ्ट ओढायला उतरला. आम्ही नेहमी तसंच करतो.

दोरी ताणली गेली, मग ढिली पडली. उडी मारावी तर खाली काय आहे कोणाला ठाऊक. आता याच्या बायकोला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. मी राफ्टमध्ये पालथी पडले आणि बुडबुडे येत होते तिथे वल्हं खुपसलं. अख्खं आत गेलं, तळ लागेना. दुसऱ्यांदा खुपसलं, तेव्हा कोणीतरी ते घट्ट धरलं.

वर आल्यावर तो किती वेळ खोकतच होता.

"ताई, पाय टेकूनच नाही राहिले वं. वरून रेती घसरत होती."

"बोलू नको. आधी वर ये."

मग काठावर रेती वाहणाऱ्या टिप्परच्या चाकांचे माग दिसले. इथून रेती उपसली होती. खड्डा तसाच राहिला, त्यावर पाणी चढलं. ती उतरण टिप्परसाठी केलेली होती.

कंपनीच्या साहेबांना फोन करून जागा बदलू म्हटलं.

"मॅडम, तुम्ही पाठवलेले फोटो तर एकदम भारी आहेत. कॅम्प तिथंच ठेवा. सगळ्यांना जॅकेट देऊ ना."

"सर, तुमच्या लोकांची मुलं येणार आहेत. पहाटे उठून पाण्याकडे पळालेलं पोर जॅकेट घालून पळेल का?"

मग साहेब म्हणाले, "दुसरी जागा पाहा."

दुसऱ्या जागेपर्यंत सामान डोक्यावर न्यावं लागलं. पाहुण्यांनी जाम कुरकुर केली, पण सगळे धडधाकट घरी गेले. तेव्हापासून माझा एकच नियम आहे. जिथे गाडी सहज पाण्यापर्यंत उतरते, तिथे मी माणूस उतरवत नाही.