आम्हाला वांगी शिकवायला आलेले सर

इंग्रजीत एम.ए. करून मी दोन वर्षं देऊळघाटला घरी बसले होते. तोंड वाकडं करून बसणं एवढाच त्या काळातला माझा उद्योग. अशात बुलडाण्याच्या एका सेवाभावी संस्थेतून निरोप आला की परदेशातून एक स्वयंसेवक येणार आहेत आणि त्यांना आठ महिने दुभाषी पाहिजे. मी लगेच हो म्हटलं. काम काय ते विचारलंसुद्धा नाही.

काम असं होतं की बर्फाच्या देशातले, पोस्टातून निवृत्त झालेले एक साठीचे गृहस्थ आमच्या गावाला भाजीपाला लावायला शिकवणार होते. आमच्या गावाला! पैनगंगेच्या काठी आमचे आजे-पणजे भाजीच करत आले. त्यांच्या तिकडच्या कार्यालयात कुणीतरी यादीतून भलतंच गाव निवडलं होतं आणि आता ते बदलता येत नव्हतं.

पहिला वर्ग समाजमंदिरात, बुधवारी. पाहुणा बघायला चाळीसेक माणसं जमली. सरांनी भिंतीवर एका शेतकऱ्याचं चित्र लावलं. त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. बाहेर एप्रिलचं ऊन. माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, अगदी पुढे बसली होती. तिने मला विचारलं की याची तब्येत बरी नाही का. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सरांनीही चित्राकडे नीट पाहिलं आणि बरी असावी असं उत्तर दिलं. त्यानंतर झाडांना पाणी लागतं, हे त्यांनी दहा मिनिटं समजावलं. कुणी हसलं नाही.

माणूस इतक्या दुरून आला, त्याचं मन मोडायचं नाही, असं त्याच संध्याकाळी गावाने ठरवलं. मोठ्या आईने पाळ्या लावल्या. दर बुधवारी प्रत्येक घरातून एकाने यायचं आणि आल्यावर एक तरी प्रश्न विचारायचा. प्रश्न सुचायचे नाहीत. आमच्या शेजारच्या काकांचा सारा जन्म वांगी बाजारात नेण्यात गेला होता. आपली पाळी आल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी गंभीरपणे विचारलं, "सर, वांगं झाडाले लागते का जमिनीत?" सरांनी खडूने झाड काढून दाखवलं. काका "अस्सं" म्हणून खाली बसले.

तिसऱ्या आठवड्यात वर्गावरून परतताना सर आमच्या मळ्याशी थांबले. वांग्यांच्या सरळ ओळी, ठिबकच्या नळ्या, पलीकडे मेथी. कुणाचं, म्हणून त्यांनी विचारलं. आमचंच, मी म्हटलं. ते बांधावर बसले. मग म्हणाले की हे सगळं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, समोरच्या बायांचे हात बघूनच. त्यांच्या स्वतःच्या घरी गच्चीत चार कुंड्या होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या. पहिला आठवडाभर ते सकाळी खोलीत बसून रडले होते. परत जातो, असं पत्रही लिहून ठेवलं होतं.

"गाव मी निवडलं नाही, ऊनही निवडलं नाही," ते म्हणाले. "दारातून बाहेर पडताना तोंड कसं ठेवायचं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. आणि जे लोक माझ्यासाठी वांगं जमिनीत लागतं का असं विचारतात, त्यांच्यासमोर आंबट तोंडाने कसा उभा राहू?"

मला हे कळलंय, ते मात्र कुणाला सांगू नको, गावाला वाईट वाटेल, असंही सरांनी बजावलं. म्हणजे आता दोन्हीकडची गुपितं माझ्याकडे होती, आणि मी दर बुधवारी दोन्हीकडचं खोटं इमानदारीने भाषांतर करत होते. गंमत अशी की माझं वाकडं तोंड त्या दिवसांत कधी सरळ झालं, ते मला आठवत नाही.

ऑक्टोबरात संस्थेच्या एक मॅडम पाहणीला येणार म्हणून कळलं. समाजमंदिरामागे सरांनी नमुन्याचा वाफा केला होता. मॅडम येणार त्याच्या आदल्याच दिवशी रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरला आणि वाफा साफ झाला. सर तासभर त्याकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, रोह्यांना तरी आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफा कमरेएवढ्या, फळांनी लगडलेल्या झाडांनी भरलेला. सहा घरांतून मुळाच्या मातीसकट आणलेली झाडं, त्यांना तीन जातींची वांगी. सरांनी काही विचारलं नाही. पण उपटलेलं झाड ते, ऊन चढलं तशी पानं माना टाकायला लागली. अकराला मॅडमची गाडी आली तेव्हा मोठी आई आणि आणखी पाचजणी वांग्यांवर छत्र्या धरून उभ्या होत्या.

छत्र्या कशासाठी, मॅडमनी विचारलं.

"सरायनंच शिकवलं," मोठी आई म्हणाली.

मी ते सरांना सांगितलं. त्यांनी घाम पुसला आणि मान डोलावली. मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

गाडी वळणापलीकडे गेली आणि सर वाफ्यातच खाली बसून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मोठी आई बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "त्यायले मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग काऊन येत होते ते?"

"तुमी सारे येत होते म्हून."

तिने छत्री मिटली. मग सरांच्या हातात विळा दिला आणि मेथी कशी कापायची ते दाखवायला घेऊन गेली. शेवटचे दीड महिने वर्ग मळ्यातच झाले, आणि विद्यार्थी एकच. त्यांना शेवटपर्यंत विळा धरता आला नाही, पण त्याबद्दल त्यांनी कधी तोंड पाडलं नाही.

सर गेल्यानंतर महिन्याभराने संस्थेकडून एक मोठं खोकं आलं. सोबतच्या चिठ्ठीत आमच्या गावाच्या अभिनव पद्धतीचं कौतुक होतं. खोक्यात चाळीस छत्र्या होत्या.