मामा आणि टेस्टचं बटन

खान्देशात पाहुणा घरी आला की आधी पाणी पितो. माझा मामा आधी त्या घरातली लाईट घालवतो. जन्मभर वायरमनकी केली, रिटायर झाला, पण हात अजून ड्युटीवर. कोणाच्याही घरी चपला काढायच्या आत बोर्ड शोधतो आणि शॉकपासून वाचवणाऱ्या ईएलसीबीचं टेस्टचं बटन दाबतो. खट्. पंखा थांबला, टीव्ही गेला, आतून बायकांनी आरडाओरडा केला की मामा खूश. "उडला. करंट गळला तर माणसाच्या आधी हा उडतो." लाईट गेली नाही किंवा बोर्डावर बटनच नसलं, तर मात्र तुमचं काही खरं नाही. मान वाकडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज नाकातून: "दोन किलोवॉटच्या वर लोड ना? मग तीस मिलीअँपिअरचा ईएलसीबी पाहिजेच. माझी मर्जी नाही भो, कायदा शे." एका सत्यनारायणाला त्याने माईकवर आरती रंगात आली असताना बटन दाबलं. गुरुजींचा खरा आवाज केवढुसा आहे, ते त्या दिवशी गल्लीला कळलं.

पण ताईच्या सोयरिकीत कोणाला हसू आलं नाही. धुळ्याला देवपुरात आम्ही मुलाचं घर बघायला गेलो होतो. मुलगा ताईला मनापासून आवडलेला. मे महिना, खिडकीत पत्र्याचा हा मोठा कूलर. मुलाचे वडील, आबा, प्रेमानं म्हणाले, "बसा पाहुणे. फक्त कूलरला हात लावू नका, जरासा करंट मारतो. आम्ही चप्पल घालूनच पाणी भरतो." आमच्या गल्लीतही घरोघरी तसंच, म्हणून आम्ही माना डोलावल्या. मामा कप खाली ठेवून उठला. बोर्डावर ईएलसीबी होता. त्याने बटन दाबलं. पंखा फिरतच राहिला. पुन्हा दाबलं. पंखा फिरतोच आहे.

"हा मेलेला शे," मामा म्हणाला. "आबा, घर चांगलं, माणसं चांगली. पण इथे पोर देत नाही."

"एका बटनासाठी?" आबा म्हणाले.

"लग्नानंतर कूलरमध्ये पाणी कोण भरेल? तुम्ही का ती?"

 परतीच्या एसटीत पारोळा आल्यावर आई म्हणाली, "घालवलं ना भाऊ स्थळ." ताई तर आठ दिवस मामाशी बोलली नाही. नवव्या दिवशी खुद्द मुलाचाच मामाला फोन. "मामा, किती अँपिअरचा आणू?"

मामा टेस्टर-पक्कड पिशवीत टाकून पहिल्या गाडीने धुळ्याला. ईएलसीबी स्वतः बसवला, कूलरला अर्थिंग दिलं, बटन दाबून अख्खं घर बंद करून दाखवलं आणि त्या बंद पंख्याखाली घाम पुसत विचारलं, "हं, आता तारीख बोला."

पाठवणीच्या वेळी जो तो ताईला सांगत होता, सासूला सांभाळ, उलटून बोलू नको.  शेवटी मामा म्हणाला, "महिन्यातून एकदा बटन दाबत जा. लाईट गेली म्हणजे समज, बठ्ठं ठीक शे."

आता दर एक तारखेला ताईचा मेसेज येतो, 'मामा, लाईट गेली.' मामा तो वाचतो, थोड्या वेळाने परत वाचतो, आणि मी शेजारी बसलेला असलो तरी स्वतःशीच म्हणतो, "सुखी शे पोर."